अप्पांच्या शब्दावर

बीदरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, एक रीत आहे. धान्याच्या हिशोबावरून दोन व्यापाऱ्यांचं वाजलं, की कोर्टकचेरीच्या आधी ते शिवशंकरप्पांकडे येतात. अप्पा दोघांना समोरासमोर बसवतात, चहा पाजतात, मग विड्याच्या पानावर चिमूटभर विभूती ठेवून ते पान दोघांच्या मधोमध सरकवतात आणि म्हणतात, "आजपासून व्याज उभं." म्हणजे निकाल लागेपर्यंत व्याज थांबलं. कुणाचं बरोबर हेच अजून ठरलं नाही, तर व्याज चढवायचं कुणावर? साधी गोष्ट आहे, आणि गंजात ती सगळे पाळतात. मारवाडी पाळतात, मुसलमान व्यापारी पाळतात, आणि ज्यांना अप्पांचं तोंड बघवत नाही तेसुद्धा पाळतात.

अप्पांनी सत्तरी ओलांडलेली. अडत दुकान आता धाकटा भाऊ जगदेवप्पा सांभाळतो. अप्पा सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळावर तीन बोटं ओढून दुकानाच्या ओट्यावर येऊन बसतात ते दिवेलागणीलाच उठतात. येणारा-जाणारा काही ना काही विचारून जातो. पोरीला कुठं द्यावी, भिंत कुठं घालावी, सरकी आता विकावी का थांबावं. अप्पा सगळ्याचं उत्तर देतात. 'मला माहीत नाही' हे शब्द त्या तोंडातून कुणी ऐकलेत, असा माणूस गंजात सापडायचा नाही. वाईट माणूस नव्हे हो, अजिबात नव्हे. पण सगळी घाण त्यातूनच झाली.

रुद्रम्माचा नवरा रेवणसिद्ध अप्पांच्या दुकानात मापाडी होता. तो गेला तेव्हा रुद्रम्मानं रडून झाल्यावर चूल पेटवली आणि कडक भाकऱ्या विकायला सुरुवात केली. ज्वारीची पातळ भाकरी, भाजून वाळवलेली, महिनाभर टिकणारी. आधी घरातच, मग ओसरीवर, मग गावाबाहेर कोळारला औद्योगिक वसाहतीत एक पत्र्याची शेड तिनं स्वतःच्या नावावर घेतली. आता तिथं डझनभर बाया कामाला येतात. शेंगाच्या चटणीबरोबर तिच्या भाकऱ्या हैदराबादपर्यंत जातात. तिच्या डोक्यात एकच ध्यास होता, भाकरीचं मशीन घ्यायचं. मशीन आलं तर कडगंचीच्या विद्यापीठाच्या होस्टेलची ऑर्डर घेता येणार होती, आणि ती मिळाली तर बायांना बाराही महिने काम.

अशात कर कचेरीतला एक साहेब शेड बघून गेला. त्यानं चुली बघितल्या, तवे बघितले आणि शेडला हॉटेलच्या दरानं पट्टी लावून मोकळा झाला. घरउद्योगाच्या दराच्या किती तरी पट. रुद्रम्मा तडक ओट्यावर आली.

"ओ अप्पा, माज्या शेडात बसून कुणी खातंय का? टेबल हाय का? वेटर हाय का? चूल पेटली म्हंजे हॉटेल झालं व्हय?"

"डोस्कं फिरलंय त्येंचं," अप्पा म्हणाले. "बस तू. आपुन हरकत घेऊ."

अप्पांनी स्वतः बसून कानडीत हरकतीचा अर्ज लिहिला. अर्ज चांगलाच लिहिला, त्यात खोट काढायला जागा नव्हती. कचेरीनं तो ठेवून घेतला, शिक्का मारला, सुनावणी होईल म्हणून सांगितलं. दोघं परत आले तेव्हा रुद्रम्मानं पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं, "अप्पा, वाढीव काय ते ऱ्हाऊ द्या भांडणात. पर घरउद्योगाचा जो दर होतो तेवढं तरी भरून टाकू का? भिशीचे पैशे आलेत, डब्यात हाईत."

अप्पा हसले. "खुळी का काय तू! एक रुपाया भरलास म्हंजे त्येंची पट्टी कबूल केलीस. आपुन वादात घातलंय न्हवं? मग उशिराचा दंड उभा. निकाल लागू दे, मग बघू."

"दंड चढायचा न्हाई न्हवं? पक्कं?"

"माज्यावर सोड."

तिनं सोडलं. सोडलं म्हणजे अगदी मनातूनच काढून टाकलं. ज्या ओट्यावर नवऱ्यानं उभी हयात धान्य मापलं, त्या ओट्यावरचा शब्द होता. आणि अप्पांनी तरी तो फसवायला थोडाच दिला होता? त्यांना खरंच तसं वाटत होतं. गंजात जन्म काढलेल्या माणसाला वाद चालू असताना व्याज चालतं ही गोष्ट सुचणारच नाही. इथपर्यंत अप्पांना कुणी बोल लावू नये.

पुढं बसवजयंती आली. जगदेवप्पाची मुलगी चैत्रा गुलबर्ग्याहून घरी आली. ती तिथं एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. मिरवणूक दुकानापुढून गेली, लोक ओट्यावर टेकले, चैत्रा सगळ्यांना गुळाचं पानक देत होती. बोलता बोलता रुद्रम्माच्या शेडचा विषय निघाला आणि अप्पांनी आपल्या अर्जाची गोष्ट रंगवून सांगितली. चूल पेटली म्हंजे हॉटेल झालं का, हे वाक्य त्यांनी रुद्रम्माच्याच आवाजात म्हणून दाखवलं. लोक खदखदून हसले.

"दोड्डप्पा," चैत्रा म्हणाली. थोरल्या काकांना ती लहानपणापासून तसंच म्हणते. "मग त्यांनी घरउद्योगाच्या दरानं तरी भरलंय का?"

"कामून भरायचं? वाद चालू हाय."

"वाद चालू असला तरी दंड चालतोच की. अर्ज दिला म्हणून थांबत नाही तो. वरून लेखी स्थगिती आणली तरच थांबला तर थांबतो. नाहीतर आपल्याला मान्य आहे तेवढं, हरकत राखून, असं लिहून भरून टाकायचं. मग दंडाला धरायला काही उरत नाही."

 शेजारचा भुसार दुकानदार राघोबा अप्पांच्या तोंडाकडं बघायला लागला. बाकीचेही बघायला लागले. अप्पांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"म्हंजे भांडणारा बी तोच, दंड मोजणारा बी तोच?" अप्पा म्हणाले. "आसला कुठला न्याय शिकून आलीस गं गुलबर्ग्याहून? पोरगी शिकली, पर गंज न्हाई शिकली बगा!"

पुन्हा हशा पिकला. राघोबानं मांडीवर थाप मारली. चैत्राचा चेहरा पडला, पण ती हटली नाही. "न्याय असो नाहीतर नसो, दोड्डप्पा. दंड चालू आहे एवढं त्या रुद्रम्मा अक्कांना सांगा तरी," असं म्हणून रिकामे पेले उचलून ती आत गेली.

लोक पांगले. अप्पांना मात्र काही गोड लागेना. पोरीच्या बोलण्यात मिरवणं नव्हतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम वाट वाकडी करून संकर्षणराव वकिलांचं घर गाठलं. 'एका ओळखीच्याचं आहे' असं सांगून सहज विचारल्यासारखं विचारलं. संकर्षणरावांनी पेपरातून मानसुद्धा वर केली नाही. "चालतो की अप्पा. थांबतोय कुठं?" एवढंच ते म्हणाले.

झालं. आता शंकेला जागा नव्हती. माणसानं सरळ उठावं, जावं आणि सांगावं, बाई गं, माझं चुकलं, पैसे भरून टाक. दोन वाक्यांचं काम. अप्पांनीही तेच ठरवलं, आणि त्याच आठवड्यात रिक्षा करून ते कोळारला गेले.

शेडच्या दाराशी जाताच बायांचा एकच गलका झाला. "शरणू अप्पा! शरणू! अप्पा आलेत गं!" पिठाचे हात तसेच घेऊन बाया उठल्या. सगळ्यांत म्हातारी रत्नम्मा, तिनं पदरानं खुर्ची पुसून दिली. तव्यावरची गरम भाकरी ताटात आली, तिच्यावर चटणी, चटणीवर तेलाची धार. रुद्रम्मा समोर खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता, की अप्पांना ताटातून वर बघवेना.

"ही मल्लेश्वरी," एका तरण्या मुलीकडं हात करून ती म्हणाली, "नवी हाय. नवऱ्यानं टाकलंय, पदरात लेकरू हाय. मशीन आलं की हिला कायमची ठेवणार मी." मग मल्लेश्वरीला म्हणाली, "हे अप्पा. ही मानसं पाठीशी हाईत म्हणून मी निवांत झोपते बग. शेजारचा पिलास्टिकवाला मला म्हणायलाय, पट्टी भरून टाक, दंड चढायलाय. मी म्हटलं, तुला आमच्या अप्पांपेक्षा ज्यास्त कळतंय व्हय रे?"

बाया हसल्या. मल्लेश्वरीही हसली.

आता, आता बोलायला हवं होतं. याहून चांगली वेळ कुठली येणार होती? पिलास्टिकवाला बरोबर म्हणतोय, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. अप्पांनी घास गिळला, तोंड उघडलं. सगळ्या बाया हातातलं काम थांबवून ऐकायला लागल्या.

"चटणीत लसूण जरा कमी पडलाय," अप्पा म्हणाले.

लसूण! सांगायला काय आला होता आणि काय सांगून उठला! रुद्रम्मानं जीभ चावली, रत्नम्माला हाक मारून लसूण वाढवायला सांगितलं, आणि अप्पा भाकरी संपवून, हात धुऊन, तोंड पुसून परत निघाले. जाताना चटणीची पुडीसुद्धा बांधून दिली बायांनी. रिक्षात बसल्यावर अप्पांना स्वतःची इतकी किळस आली, की ती पुडी त्यांनी रिक्षावाल्यालाच देऊन टाकली.

मग सुरू झाली मनाची समजूत. निकाल काय, येत्या महिन्या-दोन महिन्यांत लागेल. तेवढ्यात कितीसा दंड चढणार? आणि निकाल आपल्या बाजूनं लागला तर कचेरीच दंड सोडून देईल, कुणी सांगावं? आपण स्वतः जाऊन साहेबाला भेटू. अप्पा दोनदा भेटलेही. पण साहेबाची बदली झाली, नवा आला, तोही गेला. सुनावण्या पुढं पुढं गेल्या. एक बसवजयंती गेली, दुसरी गेली. आणि जितके दिवस जास्त गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं. आधी नुसतं 'चुकलं' म्हणावं लागलं असतं. आता 'इतके दिवस गप्प का बसलात' याचं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते उत्तर अप्पांपाशी नव्हतं.

रुद्रम्मानं मशीन तर अप्पांच्या त्या फेरीनंतर लगेचच घेतलं होतं. भिशीचे पैसे आधी दिले, बाकीचे हप्ते बांधून घेतले. मशीनच्या पूजेचं बोलावणं घेऊन ती स्वतः आली, तर अप्पांनी अंगात कणकण असल्याचा निरोप आतूनच दिला. कडगंचीची ऑर्डर मिळाली तेव्हा तिनं भाकऱ्यांची चळत पाठवली. अप्पांच्या घरात सगळ्यांनी ती खाल्ली. अप्पांनी पोट बिघडल्याचं सांगितलं. चैत्रा सणावाराला येत होती, पण तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. ती समोर आली की अप्पा उगीच पंचांग उघडून बसायचे.

आणि एक दिवस निकाल लागला. शेड हा घरउद्योग, हॉटेल नव्हे. रुद्रम्मा जिंकली!

गंजात आनंदीआनंद झाला. कचेरीशी भांडून कुणी जिंकल्याचं फारसं कुणाला आठवत नव्हतं. राघोबानं हार आणला, कुणी शाल आणली, ओट्यावर अप्पांचा सत्कार झाला. लोकांनी भाषणं केली. अप्पा मान खाली घालून बसले होते आणि लोक एकमेकांत म्हणत होते, बघा, एवढं करून माणूस किती नम्र. पेढ्यांचा पुडा घेऊन रुद्रम्मा आली आणि वाकून तिनं अप्पांचे पाय धरले. अप्पांनी पाय असे झटकन मागं ओढले, की तिचा हात फरशीवर आपटला.

"पाय कसले धरतीस! ऊठ, ऊठ आधी," ते जवळजवळ ओरडलेच. शरमेनं त्यांचा जीव नुसता अर्धा झाला होता. शालीच्या आत त्यांना घाम फुटला होता आणि शाल काढताही येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी रुद्रम्मा हसत हसत कचेरीत पैसे भरायला गेली. घरउद्योगाच्या दरानं आजवरची पट्टी किती होते ते तिनं आधीच काढून ठेवलं होतं आणि निकाल लागणार म्हणून पै-पै करून तेवढे पैसे साठवलेही होते. गेली तशी तासाभरात ती ओट्यावर परत आली. रागावलेली नव्हती, नुसती गोंधळलेली होती.

"अप्पा, त्येंचं कायतरी चुकलंय. कंप्यूटरात गडबड हाय. पट्टी हाय तेवढीच दावायलेत, पर वर दंड सांगायलेत. निम्म्याहून ज्यास्त! आन महिन्याच्या आत समदं भरलं न्हाई तर शेडला सील लावतो म्हणायलेत. तुम्ही चला की. जरा दम द्या त्येंला."

अप्पांना नाही म्हणता आलं नाही. काय म्हणून नाही म्हणणार?

कचेरीत गर्दी होती. खिडकीवरचा कारकून नागेंद्र अप्पांना ओळखत होता; त्याच्या वडिलांची तूर अप्पांच्याच दुकानात येते. त्यानं आतून खुर्ची बाहेर काढून दिली, पाणी मागवलं आणि शांतपणे सगळं उलगडून सांगितलं. "अप्पा, निकाल दरावर लागलाय. दर कमी झाला, ते आमी केलंय. पर कमी झालेल्या दरानं तरी भरायला पाहिजे होतं न्हवं? ते बी भरलं न्हाई. जे भरलं न्हाई त्येच्यावर दर महिन्याला दंड चढत जातो."

"वाद चालू असताना?" अप्पांनी विचारलं. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न त्यांनी असा विचारला, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. 

"वाद चालू असताना बी. तुमच्या गंजात दोगं बी तुमाला मानतात, म्हणून व्याज उभं ऱ्हातं. हितं कचेरीनं कुणापुढं विभूती ठेवली?" मागं रांगेतले एक-दोघं हसले. नागेंद्र रुद्रम्माकडं वळला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "अक्का, कुणी सांगितलं न्हाई का तुमाला?"

रुद्रम्मा उसळली. "कोण सांगणार? अप्पांना ठावं असतं तर त्येंनी मला सांगितलं नसतं व्हय?"

 रांगेत राघोबाही होता, घराची पट्टी भरायला आलेला; चैत्राचं ते बोलणं हसण्यावारी नेऊन तो केव्हाच विसरला होता. सगळे अप्पांकडं बघत होते, आणि सगळ्यांच्या नजरेत अप्पांची बाजू होती.

"तसं बऱ्याच लोकांना म्हाईत नसतं," नागेंद्रच म्हणाला. बिचाऱ्यानं म्हाताऱ्याला वाट करून दिली.

अप्पांनी मान हलवली. खरंय, बऱ्याच लोकांना माहीत नसतं, अशी. खरं सांगायची वेळ आली होती, ती त्यांनी घालवली. दुसऱ्यांदा.

रुद्रम्मानं कमरेची पिशवी सोडली, आणलेले सगळे पैसे खिडकीतून आत सारले. "हे आत्ता घ्या. ह्याच्यावर आनखी चढायला नगं. ऱ्हायलेलं आनते मी." पावती पदराला बांधून ती बाहेर आली. अप्पा मागोमाग आले. पायरीवर त्यांचा तोल गेला, तसं तिनं त्यांना दंडाला धरून फाटकाशेजारच्या चहाच्या गाड्यावर नेलं, बाकावर बसवलं आणि चहा सांगितला.

"तुम्ही जिवाला लावून घिऊ नगा अप्पा," ती म्हणाली. "तुमाला काय ठावं? तुम्ही माज्या भल्याचंच केलं. दर कमी केलाव की न्हाई? कोण करतंय दुसऱ्यासाठी एवढं? मशीन दिऊन टाकते मी. उदगीरचा एकजण मागायलाच हाय, हप्ते त्यो घिईल अंगावर, वरचं मला दिईल. शेड तर ऱ्हाती. शेड ऱ्हायली की झालं. चहा घ्या, निवायलाय."

ती त्यांची समजूत काढत होती! मशीन तिचं जायचं, ऑर्डर तिची जायची, आणि ती बशी पुढं करून यांना म्हणत होती, चहा घ्या.  अप्पांनी हातातला कप बाकावर ठेवला.

"रुद्रम्मा, मला ठावं होतं."

"काय?"

"दंड थांबत न्हाई ते. चैत्रानं सांगितलं होतं. मग संकर्षणराव वकिलांना बी इचारलं मी. त्येंनी बी तेच सांगितलं."

 तिला ते वाक्य पुरतं समजलंच नसावं. "कवा?" तिनं विचारलं.

"अर्ज दिला त्या वर्साच्या बसवजयंतीला. मी शेडवर आलतो न्हवं, ते तेच सांगायला आलतो. तुजी ती नवी पोरगी हुती, बाया हुत्या. जमलं न्हाई मला."

"लसूण कमी पडलाय म्हणालाव, त्या दिवशी?"

"व्हय."

 गाड्यावाल्यानं रिकामा कप मागितला, तो तिनं उचलून दिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मशीनचा मानूस त्याच्या दुसऱ्या दिवशी आलता, अप्पा. तुम्ही आलाव त्या दिवशी पैशे डब्यातच हुते. तुम्ही बसलावता त्या खुर्चीच्या मागंच डबा हुता."

अप्पांनी डोळे मिटले. मग घाईघाईनं म्हणाले, "दंड मी भरतो. समदा. आत्ता जगदेवप्पाला सांगतो. मशीन नगं दिऊस."

"तुमच्या पैशाला मी कवाच आले न्हवते," रुद्रम्मा म्हणाली. "मी इचारायला येत हुते."

ती रागावली असती, चार माणसांत ओरडली असती, तर अप्पांना बरं वाटलं असतं. ती उठली, चहाचे पैसे दिले, पदर सावरला. "शेडवर चला," ती म्हणाली. "बायांना सांगाया पाहिजे मशीन जायलंय म्हणून. त्या इचारणार, कामून? माज्या तोंडानं तुमचं नाव यायचं न्हाई. एवढे दिस चांगलंच घेतलंय मी ते. तुमचं तुम्ही सांगा."

रिक्षानं दोघं कोळारला आले. शेडपाशी उतरले तर आतून मशीनचा आवाज येत होता. दारात पाऊल पडताच बाया उठल्या. "शरणू अप्पा! शरणू!" काल निकाल लागलेला, सगळ्यांचे चेहरे फुललेले. रत्नम्मा खुर्ची पुसायला धावली. अप्पा बसले नाहीत. रुद्रम्मानं मशीन बंद केलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. आता सगळं स्वच्छ ऐकू जाणार होतं.

अप्पांनी सांगितलं. पंच म्हणून बोलायचे तसं सावकाश, मोजून मापून त्यांना बोलायचं होतं, पण आवाज फाटत होता. वाद चालू असला तरी दंड थांबत नाही. रुद्रम्माला पैसे भरायचे होते. मीच नको म्हणालो. नंतर मला कळलं, तरी मी सांगितलं नाही. म्हणून दंड चढला, म्हणून मशीन जातंय.

"ठावं आसून?" रत्नम्मानं विचारलं. तिच्या हातात अजून पदराचं टोक होतं.

"ठावं असून," अप्पा म्हणाले. "चारचौघांत माजं चुकलं म्हणायची लाज वाटली मला."

 कुणीतरी काही बोलावं अशी अप्पांची फार इच्छा होती. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. एका बाईनं खाली बसून पिठाचा गोळा पुढं ओढला. दुसरीनं तवा खाली घेतला. एकेक करत सगळ्या आपापल्या जागी बसल्या.

मल्लेश्वरी तेवढी उभी राहिली होती. मशीन आलं, कडगंचीची ऑर्डर आली, तेव्हाच ती कायमची झाली होती. तिचं लेकरू कोपऱ्यात पोत्यावर झोपलं होतं.

"मग मी उद्यापास्नं येऊ का नगं?" तिनं विचारलं.

सवयीनं अप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण तिनं ते रुद्रम्माला विचारलं होतं. त्यानंतर अप्पांना त्या शेडमध्ये कुणीच काही विचारलं नाही.